घरची मेणबत्ती आणि तिची बैठक

मेणबत्ती आता कोणाला लागते, असा प्रश्न या लेखाचे नाव वाचताच पुष्कळांच्या मनात येईल, आणि तो अगदीच गैरवाजवी आहे असे आम्हांस वाटत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात विजेचे भारनियमन जोरात होते, तेव्हा सोलापुरातल्या घराघरांतून फडताळाच्या वरच्या कप्प्यात मेणबत्त्यांचा पुडा व आगपेटी हाताशी ठेवलेली असे. ते दिवस आता मागे पडले, आणि अवचित दिवे गेलेच तर हातातल्या भ्रमणध्वनीचा दिवा लागतो. मेणबत्ती मात्र घरातून गेलेली नाही. मुलांचे वाढदिवस, दिवाळीतील गच्चीचा कठडा, एखाद्या रात्रीचे वादळ, अशा निमित्तांनी ती येतच राहते. आणि बाजारातून आलेल्या पुड्यातील निम्म्या मेणबत्त्या धूर करतात, नाहीतर वात बुडून विझतात, हाही अनुभव बहुतेक घरांना आहे. ती घरी करता येते, स्वयंपाकघरातील नेहमीच्या उपकरणांनी करता येते, आणि ती चांगली का जळते किंवा का जळत नाही हे एकदा उमगले म्हणजे पुन्हा विसरत नाही. एवढ्यासाठीच हा प्रपंच. घरची मेणबत्ती विकतच्यापेक्षा स्वस्त पडते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. हिशेब मांडला तर ती बहुधा थोडी महागच पडेल.

प्रथम एका जुन्या शंकेविषयी. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मेणबत्तीकडे एके काळी संशयाने पाहत, आणि त्या संशयाला कारण होते. मेण म्हणजे मूळचे मधमाशीचे. पण ते महाग, म्हणून युरोपात सर्वसाधारण लोक जनावरांच्या चरबीच्या बत्त्या जाळीत. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात चरबीतून स्टिअरिक आम्ल वेगळे केले, तेव्हा बत्ती कठीण व स्वच्छ झाली. पण मूळ पदार्थ तोच राहिला. पुढे १८५० च्या सुमारास खनिज तेलापासून पॅराफिन निघू लागले आणि चरबीची गरज उरली नाही. आपल्याकडे आसामातील दिग्बोई येथे १९०१ मध्ये तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, तेथे हे मेण होते. म्हणजे आज दुकानात मिळणारे पांढरे पॅराफिन मेण हे जमिनीतून आलेले आहे. त्यात चरबी नाही. स्टिअरिक आम्ल मात्र वनस्पतिजन्यही असते व प्राणिजन्यही. ज्यांना हा विवेक पाळावयाचा आहे त्यांनी घेताना वनस्पतिजन्य आहे ना, एवढे विचारून घ्यावे. देवघरात निरांजन व समई आहेतच. तेथे मेणबत्तीने जागा मागावी असे आम्हांस वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. मेणबत्ती बिघडली की आपण मेणाला दोष देतो, पण दहांपैकी आठ वेळा दोष वातीचा असतो. वाती वळण्याची विद्या आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. फुलवात, लांब वात, चातुर्मासातील लक्ष वाती, हे सारे कापसाचे काम आजीच्या हाताखाली नातीने पाहिलेले असते. त्यामुळे मेणबत्तीला वात करणे म्हणजे काय मोठेसे, असे सहज वाटते. येथेच फसगत होते. समईतील वात तेलात पहुडलेली असते. तिचे टोक जळून काजळी धरली की कोणीतरी काडीने ती पुढे सारते, गूल झाडते. मेणबत्तीच्या वातीला असा हात लाभत नाही. तिला उभे राहून, मेण वर ओढीत, स्वतःचे जळलेले टोक स्वतःच संपवावे लागते. नुसता पीळ दिलेली वात हे काम करीत नाही. ती ताठ उभी राहते, टोकाला काजळीचे बोंड धरते आणि धूर सोडते. पूर्वी युरोपात मेणबत्तीजवळ कात्री ठेवण्याची चाल होती ती याचसाठी. १८२५ च्या सुमारास कांबासेरेस या फ्रेंच गृहस्थाने वात पिळण्याऐवजी वेणीसारखी विणून पाहिली. विणलेली वात जळताना एका अंगाला किंचित वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या, अधिक तप्त भागात शिरते आणि तेथे त्याची राख होऊन जाते. समईजवळ जो हात लागतो तो येथे विणीतच बसविलेला असतो! एवढ्याशा युक्तीने कात्रीचे बरेचसे काम संपले.

वेणी घालणे कोणत्या घरातील मुलीस येत नाही? आणि सुताची तर या गावाला वाण नाही. १८७७ मध्ये येथे जी पहिली कापडगिरणी चालू झाली ती पुढे ‘जुनी गिरण’ या नावानेच ओळखली गेली. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, गाव वाढले. त्या गिरण्या बंद पडून आता बराच काळ लोटला, तरी शहराच्या पूर्वभागात यंत्रमागांचा खडखडाट चालूच आहे, आणि सोलापुरी चादर व टॉवेल यांची नावे सांगावयास नकोत. मागावरचे सूत पुष्कळदा रंगविलेले असते. वातीस ते घेऊ नये, कारण रंग जळताना वातीत गाठ धरतो. कोऱ्या, न रंगविलेल्या सुती धाग्याची लडी मिळवावी. धागा निव्वळ कापसाचा आहे किंवा कसे याची परीक्षा सोपी आहे. एक टोक जाळून पाहावे: कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर कापूस, टोकाला कठीण मणी धरला तर त्यात कृत्रिम धागा मिसळलेला आहे. तीन पदर घेऊन, प्रत्येक पदरात बारीक सुताचे पाच-सहा धागे धरून, सैल नाही व फार आवळही नाही अशी वेणी घालावी. करंगळीएवढ्या जाडीच्या बत्तीला एवढी वात बहुधा पुरते. जाड बत्तीला धागे वाढवावे लागतात.

विणलेली वात तशीच घालू नये. एक पेलाभर कोमट पाण्यात १ मोठा चमचा मीठ व २ मोठे चमचे टाकणखार विरघळवून त्यात ती रात्रभर भिजू द्यावी, मग दोरीवर टांगून पुरती वाळवावी. याने वात सावकाश जळते व तिची राख ताठ उभी राहत नाही. टाकणखार पोटात जाण्याची वस्तू नव्हे, तेव्हा त्यासाठी वापरलेला पेला व चमचा स्वयंपाकात परत आणू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. वाळलेली वात वितळलेल्या मेणात बुडवावी. तिच्यातून बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की हवा निघाली असे समजून बाहेर काढावी आणि कागदावर सरळ ओढून ठेवावी. थंड होताच ती काडीसारखी ताठ होते.

मेण वितळविण्याचे काम मात्र वडील माणसानेच करावे, आणि या एका बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. मेणाचे पातेले थेट विस्तवावर ठेवू नये. दूध उतू जाण्यापूर्वी उकळी येते, आपल्याला सूचना मिळते. मेणाला तशी उकळी येत नाही. ते निमूट तापत राहते, मग धूर सोडू लागते आणि २०० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी घालून, तळाशी कुकरातली जाळी ठेवून, तिच्यावर मेणाचा डबा ठेवावा. पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही, तेव्हा मेणही त्यापलीकडे जाऊ शकत नाही. बाहेरच्या पातेल्यातील पाणी आटू देऊ नये, आणि त्याचा थेंब मेणात उडू देऊ नये. इतके करूनही मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. शेगडी बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. ते झाकण आधीपासून हाताशी असावे. पदर खोचलेला, केस बांधलेले, नायलॉनचे वस्त्र अंगावर नाही आणि मुले ओट्यापासून दूर, एवढे पाहूनच आरंभ करावा. उरलेले मेण मोरीत ओतू नये हे सांगणे अनावश्यक वाटेल. पण मोरीच्या नळीत गोठलेले मेण काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना ते तसे वाटणार नाही.

मेणाची लादी फोडण्यास विळी उत्तम. २०० ग्रॅम पॅराफिनाला २० ग्रॅम स्टिअरिक आम्ल हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते. त्याने बत्ती कठीण, अपारदर्शक होते आणि साच्यातून सहज सुटते. दोन्ही वितळून निवळशंख झाले की डबा सांडशीने उतरवावा व थोडे थांबावे. दुधावर कडेने साय धरू लागते तशी मेणाच्या कडेस बारीक पापडी दिसू लागली की ओतण्याची वेळ झाली. त्याआधी ओतले तर निवताना मध्ये खोल खळगा पडतो, उशिरा ओतले तर थर उठून दिसतात.

साचा म्हणून काय घ्यावे याचे उत्तर फडताळातच आहे. ज्याचे तोंड बुडापेक्षा रुंद ते भांडे चालते. म्हणून फुलपात्र चालते, इडलीपात्राचे खण चालतात, वाटी चालते. गळ्याशी निमुळता असलेला तांब्या घेतला तर बत्ती आत कायमची मुक्कामास राहील. आतून तेलाचे बोट फिरवावे, वातीचे टोक बुडाशी वितळलेल्या मेणाच्या थेंबाने चिकटवावे, वरचे टोक दोन उदबत्तीच्या काड्यांमध्ये धरून त्या काड्या भांड्याच्या तोंडावर आडव्या ठेवाव्या. मेण निवताना आकसते व वातीभोवती खळगा पडतो. थोडे मेण राखून ठेवून तो दुसऱ्या वेळी भरून काढावा. मोदकाचा साचाही या कामी येतो आणि आकार फार सुबक निघतो; परंतु मोदकाच्या शेंड्यावर वात पेटविणे घरातील आजींस कितपत रुचेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

आम्हांस स्वतःला साच्यापेक्षा बुडवून केलेली बत्ती अधिक आवडते. एका उभट डब्यात मेण घेऊन त्यात वात बुडवावयाची, वर काढावयाची, पुन्हा बुडवावयाची. पहिल्या चार-पाच बुडवण्यांत काहीच घडत नाही असे वाटते. पुढे एकेक थर धरू लागतो, आणि २५-३० वेळा बुडविल्यावर जेवणाच्या मेजावर शोभेल अशी, खाली किंचित जाड व वर निमुळती बत्ती तयार होते. दर दोन बुडवण्यांत मिनिट-दोन मिनिटे जाऊ द्यावी लागतात. मेणात बत्ती रेंगाळली तर चढलेले थर उलट वितळून जातात. एकत्र कुटुंबाला हे काम फार सोयीचे आहे. चार जणींनी चार काड्यांवर प्रत्येकी दोन वाती टांगून पाळीपाळीने बुडवाव्या. एकीची बत्ती निवते तोवर दुसरीची पाळी येते, आणि गप्पांनाही खंड पडत नाही. यात अडचण एवढीच की डबा वरपर्यंत भरलेला लागतो. वीतभर उंचीच्या बत्तीसाठी किलोभर मेण वितळवून ठेवावे लागते, जरी त्यातले बरेचसे शेवटी डब्यातच उरते.

रंगासाठी हळद किंवा कुंकू घालण्याचा मोह होईल. ते मेणात विरघळत नाहीत. तळाशी बसतात, उरलेले कण वातीत अडकतात आणि बत्ती गुदमरते. मुलांच्या मेणखडूंचेही तसेच. मेणात विरघळणारा रंग वेगळा मिळतो, तो नखावर राहील इतका पुरे. गुलाबाच्या पाकळ्या आत घालून केलेली बत्ती दिसावयास मोहक, पण ज्योत खाली येताच पाकळीच वात होऊन बसते. अशी बत्ती न पेटविता ठेवावी, किंवा करूच नये.

आता आमच्या गावच्या उन्हाविषयी. मेण वितळते ५८-६० अंशांना, हे खरे. पण त्याच्या पुष्कळ आधीच ते मऊ होते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीतील फडताळात त्याहूनही अधिक. तेथे उभी ठेवलेली सडपातळ बत्ती दुपारपर्यंत नमस्कार घालते. यावर उपाय दोन. एक म्हणजे बत्ती आखूड व जाड करावी. दुसरा उपाय म्हणजे मधमाशीचे मेण मिसळावे. ते ६२-६४ अंशांना वितळते, चिवट असते आणि त्याला स्वतःचा मंद सुवास असतो. महाबळेश्वरच्या बाजूस मधाचा धंदा जुना आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे खेडे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिकडून येणाऱ्याकडून मेण मागवावे. महाग असल्यामुळे निव्वळ त्याची बत्ती परवडणार नाही, पण थोडे मिसळण्यास हरकत नाही. बत्त्या कागदात गुंडाळून, आडव्या, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवाव्या. करण्याचा हंगाम म्हटला तर संक्रांतीचा: सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असते, हवा थंड असते आणि ओट्याजवळ उभे राहणे सुसह्य असते.

संक्रांतीवरून बैठकीचा विषय सहज निघतो. मेणबत्तीसाठी बैठक, म्हणजे जुन्या भाषेतले शमादान, विकत आणण्याचे कारण नाही. वाणासाठी घेतलेली कुंभाराची सुगडे सण झाल्यावर घरात लोळतच असतात. सुगड अर्धे वाळूने भरावे व त्यात बत्ती रोवावी. बैठक जड होते, बत्ती कलंडत नाही आणि ज्योत खाली आली तर वाळूत विझते. वाळूच्या जागी ज्वारी किंवा तांदूळ भरलेले आम्ही पाहिले आहेत; धान्य जळते, तेव्हा ते नको. नारळाची करवंटी हाताशी असते व छान दिसते, पण तीही जळाऊच; तिच्यात पत्र्याची वाटी बसविल्याशिवाय बत्ती ठेवू नये. प्लॅस्टिकचे नावही काढू नये.

हाताने बैठक करावयाची असेल तर कुंभाराकडून मळलेली माती आणावी. सोलापूरची काळी माती ज्वारीला सोने असली तरी या कामाला निरुपयोगी. वाळताना ती इतकी आकसते की शेतात भेगा पडतात तशाच बैठकीवर पडतात. चांगली माती जुन्या पोळपाटावर अर्धा बोट जाडीची लाटावी, वाटीने चकती कापावी, कड कातण्याने नक्षीदार करावी. चकलीच्या सोऱ्यातून मातीच्या दोऱ्या पाडून त्यांचे वेटोळे चकतीवर रचावे म्हणजे बत्तीचे घर तयार होते. घर बत्तीपेक्षा किंचित सैल असावे, कारण मातीही वाळताना आकसते. चकती तळहाताएवढी तरी रुंद हवी. ओघळलेले मेण तिच्यावरच थांबले पाहिजे. सावलीत आठवडाभर वाळवून कुंभाराच्या भट्टीत भाजून मिळाली तर उत्तम. मातीत गेलेला सोऱ्या कितीही घासला तरी भाजणीत कण लागतातच. म्हणून या कामी जुना सोऱ्या कायमचा वेगळा काढावा, म्हणजे दिवाळीत सासूबाईंशी वाद होणार नाही.

मुलांना विस्तवाजवळ येऊ न देता यात सहभागी करून घेण्याचा एक मार्ग आहे. मधमाशांच्या पेट्यांत घालण्यासाठी मेणाचे षट्कोनी ठशांचे पातळ पत्रे मिळतात. त्यावर वात ठेवून पानाच्या सुरळीसारखी गुंडाळी केली की बत्ती झाली. ती मोठ्यांनी पेटवावी, आणि मग मुलांना मायकेल फॅरडेचा एक प्रयोग दाखवावा. या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली ती केवळ एका मेणबत्तीवर. बत्ती हलकेच फुंकून विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. वातीपासून दोन बोटे वर, त्या रेघेला जळती काडी लावली की ज्योत धुरावरून धावत खाली येते व वात पुन्हा पेटते. जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ, हे यानंतर मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्याशा कसबातून उपजीविका उभी राहिल्याचे उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची दृष्टी ऐन तारुण्यात गेली. मुंबईत अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत ते मेणबत्त्या करण्यास शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात गाडीवर त्या विकू लागले, आणि पुढे त्यांनी ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभारून अनेक अंध स्त्रीपुरुषांना त्यात काम दिले. मेण ओतण्याजोगे झाले की नाही, साचा सुटला की नाही, वात मध्यावर आहे की नाही, हे पाहण्यास आपल्याला डोळे हवेत असे वाटते. तेथे ते बोटांनी ओळखले जाते. आमच्या भगिनींपैकी कोणास घरबसल्या चार पैसे मिळवावयाचे असतील त्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे, परंतु एक सूचना करावीशी वाटते. साध्या पांढऱ्या बत्तीत कारखान्याशी दराची स्पर्धा करू नये. त्यात मजुरीही सुटणार नाही. करंगळीहून थोड्या जाड, वीतभर उंचीच्या एका बत्तीला ४० ग्रॅमच्या आसपास मेण लागते आणि ती सुमारे ६ ते ८ तास जळते. मेण, वात, विस्तव व वेळ यांचा हिशेब आधी वहीत मांडावा. विकावयाची प्रत्येक नवी जात प्रथम घरी, आपल्या डोळ्यांसमोर, शेवटपर्यंत जाळून पाहावी. ज्योत इंचभर उंच व स्थिर असावी. तिने धूर करू नये, वितळलेले मेण कडेवरून वाहू नये. वात पाव इंचाहून अधिक उरली असेल तर पेटविण्यापूर्वी कापावी. ज्या बत्तीने बैठक तापते किंवा ज्योत उसळते, ती दुसऱ्याच्या घरी जाऊ देऊ नये. तेथे पडदे असतील, मच्छरदाणी असेल, पाळण्यातले मूल असेल.

उरलेले तुकडे टाकू नयेत. ते पुन्हा वितळवून फडक्याने गाळता येतात. अगदी थोडे उरले तर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी खणाच्या कडेला घासावेत, खण सुरळीत सरकतो. गोधडी शिवताना दोरा त्यावरून ओढून घेतला तर त्याला गाठ पडत नाही.